न दाखवलेला हात

प्रिय धाकट्या,

हे पत्र मी आपल्या गल्लीतल्या टपालपेटीत टाकणार नाही. बस पकडून पलीकडच्या गावाला जाईन आणि तिथून टाकीन. पाकिटावर माझं नावही नसेल. हसू नकोस. तुझा पत्ता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि हल्ली मला माझ्या सावलीचाही भरवसा वाटत नाही.

दुकान बरं चाललंय. तुमच्या मोटरसायकल क्लबची चामडी जाकिटं अजून माझ्याकडेच येतात. पाठीवरचा तो शिंगं रोखलेला बैल मी आता डोळे मिटूनही शिवीन. ही तुमची दाढीवाली, बोटाबोटांत अंगठ्या घालणारी दांडगी माणसं, पण टाका जरा वाकडा गेला की तोंडं पाडून बसतात. एक दातांचा डॉक्टर, एक फरशा विकणारा. आठवडाभर सरळमार्गी आणि रविवारी त्या अवजड अमेरिकन गाड्यांवर बसले की सगळे डाकू.

तू गेलास आणि क्लबचा कप्तान यायला लागला. आधी जाकिटाची चेन बिघडली म्हणून, मग बटण तुटलं म्हणून. मग खिशाचं अस्तर फाटलं म्हणून आला. मी इतकी वर्षं शिवणकाम करतेय, फाटलेलं आणि कापलेलं मला कळतं; ते अस्तर ब्लेडने कापलेलं होतं. दर वेळी निघताना दारात थांबून, सहज विचारल्यासारखं, धाकट्याचं काही कळलं का, असं विचारायचा. मी नाही म्हणायचे. तो मान हलवायचा, पण नजर मागच्या दाराकडे, जिकडे शेडमध्ये तुझी गाडी ठेवली आहे तिकडे. क्लब सोडणाऱ्याने पाठीवरचा बैल परत करायचा हा तुमचा नियम मला माहीत आहे. मला वाटायचं, हा तुझा बैल न्यायला आलाय आणि नुसता बैल घेऊन जाणार नाही. तुमच्यातला भोंगा त्या अपघातात गेला तो तुझ्यामुळे, असं सगळेच म्हणत होते ना. रांगेत पुढे कप्तान, त्याच्यामागे तू, तुझ्यामागे भोंगा. रस्त्यात काही दिसलं की कप्तानाने हात दाखवायचा आणि तू तो मागे पोचवायचा. त्या वळणावर खडी होती आणि भोंग्यापर्यंत खूण पोचलीच नाही. तूच मला म्हणाला होतास, ताई, माझं लक्ष नव्हतं. आणि बॅग भरलीस.

मग गाडीवरचं कापड. मी शिंप्याची गाठ मारते, ती तुला माहीत आहे. एकदा बघते तर गाठ वेगळीच. टाकीवरची धूळ पुसलेली, चाकं हवेने टणक. मी बुधवारी चामडं आणायला बाजारात जाते, तेव्हाच कुणीतरी येत होतं. म्हटलं, गाडी पळवायची तयारी चाललीय. पुढच्या बुधवारी मी दुकानाला कुलूप लावलं, कोपऱ्यापर्यंत गेले आणि मागच्या गल्लीतून परत येऊन शेडमध्ये कातरणांच्या पोत्यांमागे बसले. हातात मोठी कात्री.

कप्तानच आला. त्याने कापड काढलं, गाडी सुरू केली आणि शेजारी उकिडवा बसून इंजिनचा आवाज ऐकत राहिला, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा. मग बंद केली. मी कात्री घेऊन उभी राहिले. तो दचकला नाही.

“उभी राहिली की गाडी खराब होते, ताई,” तो म्हणाला. फडक्याला हात पुसत बसला. मग म्हणाला, “मी हात दाखवलाच नव्हता.”

खडी त्याला उशिरा दिसली. स्वतःची गाडी सावरायला त्याला दोन्ही हात लागले. तुझ्यापर्यंत खूणच आली नाही, तर तू मागे काय पोचवणार? लोक तुझं नाव घेऊ लागले, तूही मान खाली घातलीस, आणि कप्तान गप्प बसला.

माझा विश्वास बसला नाही. इतके महिने गप्प राहिलेला माणूस आजच का बोलतो? तुझा पत्ता काढायला टाकलेलं जाळंही असेल. मी म्हटलं, हे मला नको सांगू, भोंग्याच्या बायकोला सांग, आत्ता, माझ्यासमोर. वाटलं होतं, काहीतरी सबब काढेल. त्याने मला त्याच्या गाडीवर मागे बसवलं. कात्री माझ्या पिशवीत होतीच.

ती औषधाच्या दुकानात काम करते. तिने आम्हाला मागच्या खोलीत खोक्यांमध्ये उभं केलं. कप्तानाने सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. तिने त्याला जायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमच्या भावावर मी संशय घेतला नसता. तो पळाला, म्हणून घेतला.”

कप्तानाने नंतर सगळ्या क्लबला सांगितलं म्हणे. दातांच्या डॉक्टरकडूनही तेच ऐकलं, म्हणजे खरं असावं. स्वतःच्या जाकिटावरचा बैल त्याने माझ्याकडूनच उसवून घेतला. हल्ली तो तुझी चौकशीही करत नाही, आणि मला त्याचाही संशय येतो. पत्ता मी त्याला दिलेला नाही, देणारही नाही. पण हे पत्र त्याच्यासाठी नाहीच. मी निघताना भोंग्याच्या बायकोने माझी बाही धरली. रुग्णवाहिका येईपर्यंत बाकीचे रस्त्यावर गाड्या अडवत धावत होते आणि भोंग्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. त्याचे ओठ हलत होते, एवढं कप्तानाने लांबून पाहिलं. तो काय म्हणाला, ते फक्त तुला ठाऊक आहे. तिला तेवढंच हवंय. नुसता कण्हला असेल, गाडीबद्दल बोलला असेल, तरी तेच सांग. बरं वाटावं म्हणून रचून काही सांगू नकोस, तिला कळेल. ये किंवा लिही, पण तिला सांग.

तुझीच, अजून कुणावर विश्वास न बसलेली,
ताई