चौथ्या माईकचा आवाज

बाबा, आज सकाळी तुमचा सोळा चॅनलचा मिक्सर उघडून पडवीत साफ करायला घेतला. खाऱ्या हवेनं फेडर पुन्हा अडखळायला लागलेत, वर सरकवावा तर मध्येच करकरतो. तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी डीएडच्या शेवटच्या वर्षाला होते आणि तुम्ही चतुर्थीच्या सगळ्या ऑर्डरी आधीच घेऊन ठेवल्या होत्या. आई म्हणाली, दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढा हंगाम उरकून टाक. तो हंगाम अजून उरकलेला नाही. परीक्षा राहिली ती राहिलीच. शिरोड्यापासून आरोंद्यापर्यंत कुठेही गेले तरी लोक मला 'साऊंडवाल्याचा चेडू', साऊंडवाल्याची पोर, म्हणून ओळखतात. तिशी ओलांडली तरी मी चेडूच आहे.

तुम्ही मला शिकवलंत ते स्वयंपाकघरात, कारण धड चालणारा प्लग घरात तिथेच एक होता. आई चुलीपाशी भाकऱ्या थापते आहे, मिक्सर तांदळाच्या पिंपावर, आणि तुम्ही माझं बोट धरून एकेका नॉबवर ठेवताय. एका माईकची एक उभी ओळ. सगळ्यात वर गेन, म्हणजे आवाज आत किती घ्यायचा. तळाला फेडर, म्हणजे लोकांकडे किती सोडायचा. आणि मधला ऑक्सचा नॉब, त्यातून गाणाऱ्याच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरकडे आवाजाची वेगळी वाट जाते. "ही वाट फेडराच्या आदीच फुटता," तुम्ही म्हणाला होतात. "फेडर खाली घेतलंस तरी थंय आवाज जातलोच." मला ते नीट कळलं नव्हतं. कळलं ते धामापूरला, भजनाच्या स्पर्धेत. माझा कोपर लागून बुवांचा फेडर तळाला गेला आणि माझं लक्ष टाळ-पखवाजाकडे. बुवा डोळे मिटून गातायत, मॉनिटरमधून त्यांना स्वतःचा आवाज खणखणीत येतोय, आणि समोर बसलेले लोक एकमेकांकडे बघतायत. तुम्ही धावत येऊन फेडर वर केलात. मग मला मंडपामागे नेलंत. मारलं नाही, आवाजही चढवला नाहीत. "तो थंय जीव तोडून गाता आणि लोकांका कायच ऐकाक येना नाय. तेका तां कळतलासुदा नाय. असो माणूस फसवचो नाय गो." मी रडत म्हटलं, चुकून झालं. तुम्ही म्हणालात, "चुकान झाला म्हणान तर सांगतंय." ठरवून केलं तर काय, ते तुम्ही सांगितलं नाहीत. कदाचित तसं कुणी करील असं तुम्हांला वाटलंच नसेल.

गेल्या थंडीत शाळेच्या सभागृहात गावाची सभा होती. समुद्रावर उतरणारी आपली पाणंद तुम्हांला आठवते ना, तिच्या दोन्ही बाजूंची जमीन एका रिसॉर्टवाल्यानं घेतली आहे. पाणंद बंद करून लोकांनी वरच्या रस्त्यानं वळसा घालून जावं, असा ठराव यायचा होता. सभा भरवणारे होते गावातले एक पुढारी. देवळाची जत्रा, शाळेचं संमेलन, लग्नाचे हॉल, साऊंड कुणाचा लावायचा हे सगळीकडे तेच ठरवतात. सुकी मासळी विकणारी आपली काकी, तुमच्या तिरडीपाशी आईला धरून बसलेली, ती चौथ्या माईकवर बोलायला उठली तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं शुद्ध मराठीत हळूच म्हणाले, "चार नंबरचा माईक जरा बारीक कर. बंद करू नकोस, उगाच बोभाटा होईल." आणि तिथेच उभे राहिले.

बाबा, मी त्यांच्याकडे बघितलं, मग दाराकडे. दार उघडंच होतं. उठून जाता आलं असतं. पण स्पीकर तिथे, वायरी तिथे, आईला डायलिसिससाठी दर तिसऱ्या दिवशी गाडी करून ओरोसला न्यायचं, आणि दुसरं मला काय येतं? मी बोट फेडरवर ठेवलं. एकदम नाही, हळूहळू खाली आणला, लोकांना वाटावं की बाईचा आवाजच खोल जातोय. मॉनिटरच्या नॉबला मी हात लावला नाही. काकी स्वतःला ऐकत होती. टोपली डोक्यावर घेऊन वळशानं जायचं तर मासळीचं काय होतं, सासूच्या तिरडीला खांदा देऊन ती कोणत्या वाटेनं दर्यावर गेली होती, सगळं तिनं सांगितलं. मागून कुणी ओरडलं, "ऐकाक येना नाय." पुढारी हसून म्हणाले, काकी, आटपा आता. हात वर झाले, ठराव झाला. आता तिथे लोखंडी गेट आहे.

दोन दिवसांनी काकी घरी आली. आईसाठी सुकी सुंगटं, कोळंबी, घेऊन. पडवीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "लोक म्हणतत माझा कायच ऐकाक येवक नाय. माका तर माझो आवाज बरो येय होतो गो. तुझ्या मशिनीत काय झाला काय?"

मी मान वर केली नाही. वायर गुंडाळत होते, तशीच गुंडाळत राहिले.

"मशीन बरी होती काकी," मी म्हटलं. "तुमचो घसो बसलेलो."

 तिनं गळ्याला हात लावून बघितला. "आसात," म्हणाली. "वय झाला माझा. पुढच्या सभेक काढो घेवनच येतंय."

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, पत्ताच नाही. आईलाही वाचून दाखवणार नाही. काकी परवा वाटेत भेटली, सकाळ-संध्याकाळ मिरी घालून गरम पाणी पिते म्हणाली. पुढची सभा कधी ते विचारत होती. मी तिला आल्याचा रसही घ्यायला सांगितला.