आईचं इंग्रजी

लानचौ, १२ ऑक्टोबर

प्रिय युनशेंग,

तुला आणि तुझ्या न संपणाऱ्या ऑफिसला ताईचे आशीर्वाद. आयलीन सुखरूप पोचली. इथे सगळं बरं आहे. थंडी पडलीय, पेअर यंदा गोड निघालेत.

तू मात्र बायकोला एकटीला पाठवलंस. बरा आहेस! परदेशी सून नको म्हणून आई लग्नाला आली नाही, तो राग अजून गिळवत नाही तुझ्याच्यानं. आणि आई काय करत होती ठाऊक आहे? नदीकाठच्या बागेत म्हातारी मंडळी इंग्रजीचा सराव करायला जमतात ना, तिथे रोज सकाळी जात होती. सुनेशी बोलायचं म्हणून!

दारातच तिनं आयलीनला विचारलं, "हाऊ इज युवर बॉडी?" मी कपाळावर हात मारला. तब्येतीला कुणी बॉडी म्हणतं का? वर म्हणते, "यू प्ले हिअर, मेनी डेज." आपल्या चिनी भाषेत पाहुणा घरी 'खेळायला'च येतो, मग आईनं इंग्रजीतही तिला खेळायलाच लावलं. मी सुधारायला गेले तर म्हणाली, "तू गप गं मास्तरीणबाई. तिला कळतंय ना?"

आणि खरंच कळत होतं रे! दोघी दिवसभर खिदळत असतात. काय हिंमत बाईची! शब्द मूठभर, पण अडत म्हणून नाही. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय, माझ्या एका विद्यार्थ्यात ही धमक नाही.

आता खरं लिहिते. सगळं बरं नाहीये.

काल त्या दोघी स्वयंपाकघरात डम्पलिंग भरत होत्या. मी दाराबाहेर होते. आई म्हणाली, "माय बॉडी नॉट गुड. डॉक्टर नो मेथड." डॉक्टरांकडे उपाय उरलेला नाही, युनशेंग. "डॉटर डोन्ट नो. यू डोन्ट स्पीक. शी विल नॉट ईट."

आपल्या भाषेत हे तिच्या तोंडून कधीच निघालं नसतं. मास्तरीण असून मला त्यात एकही चूक सापडली नाही. आयलीननं पिठाच्या हातांनीच तिला घट्ट धरलं.

आयलीन मला एक अक्षर बोललेली नाही. आईला शब्द दिलाय तिनं. फक्त परतीचं तिकीट रद्द केलं. गुणाची पोर आहे. मीही आईसमोर पोटभर जेवते, घास उतरत नसला तरी.

फोन करू नकोस, आई 'मजेत आहे' म्हणेल. मिळेल त्या गाडीनं निघ.

तुझी,
अजून काहीच माहीत नसलेली ताई