दारामागच्या खुंट्या

आई, दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांची तक्रार एकच. नीट सांभाळली तर कुणी नाव काढत नाही, एकदा चुकलं की तेच जन्मभर ऐकावं लागतं. तुला मात्र कधीच ऐकावं लागलं नाही, आणि याचाच मला हेवा वाटतो.

वारूळवाडीच्या आपल्या स्वयंपाकघरात, दारामागच्या खुंट्यांवर टोमॅटो तोडायला जाणाऱ्या बायांच्या घरांच्या चाव्या असायच्या. मी शाळेत वक्तृत्वाच्या ढाली जिंकत होते, पण मला कुणी चावी दिली नाही. तुला तर चार माणसांत बोलायचीही लाज. एकदा शेजारच्या काकूंच्या बंद घरातून जळका वास आला. तू समोरच्या आजीला सोबत घेऊन कुलूप उघडलंस, चुलीजवळ धुमसणारं पोतं विझवलंस आणि काकू परतायच्या आधीच रस्त्यावर जाऊन उभी राहिलीस. "घरी आल्यावर सांग की," मी म्हणाले. तू फटकारलंस, "तिनं दार उघडायच्या आधी तिला कळाया पायजे. घर तिचं हाय."

आता मी क्लाउड विकते. लोकांची माहिती आमच्या कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरांवर राहते, ते ती मोबाइलवर बघतात. येडगावच्या द्राक्षवाल्यांच्या गटाने फवारणीच्या नोंदी आमच्याकडे ठेवल्यात. गेल्या आठवड्यात बिघाड काढताना आमच्या इंजिनिअरने त्या न विचारता उघडल्या. साहेब म्हणाले, "त्यांना कळलंय का? नाही ना? मग गप्प बसा."

मी गटाच्या बैठकीत उभी राहिले. भाषण नाही, काही नाही. "तुमच्या नोंदी आम्ही न विचारता उघडल्या. बदललं काही नाही, पण उघडल्या."

"मंग तुमच्याकडं ठेवायच्या कशाला, ताई?" एकाने विचारलं.

"यापुढे उघडायच्या तर आधी तुम्हाला फोन, आणि तुमच्यातला एक जण समोर बसलेला. हे पटत नसेल तर आजच काढून न्या."

मग मागचे एक म्हातारे बागायतदार हसले. "ऱ्हाऊ द्या, राव. वारूळवाडीत ऱ्हायचो तवा आमच्या घराची चावी हिच्या आईकडं व्हती. लई वर्सं. तिचीच पोर हाय ही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नोंदी राहिल्या. मी घरापर्यंत जळत आले. साहेबांशी वैर मी घ्यायचं, आणि भरवसा तुझ्यावर!

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तुझ्या रिकाम्या खुंटीला अडकवून ठेवते. बैठकीत उभी होते तेव्हा मी तुझीच नक्कल करत होते, हे मला ठाऊक होतं. तरी एक कर. पुढच्या वेळी कुणी तुझं नाव घेऊन माझ्यावर भरवसा टाकायला निघाला, तर त्याचं तोंड दाबून धर. एक चावी तरी माझी मला मिळवू दे.