बापूंनी सुचवलेलं सपाट गाव

नानाखेडा, उज्जैन
१४ मे

ती. स्व. बापू यांना दत्तात्रयचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या सद्यःस्थितीमुळे तो तूर्त लेखीच मान्य करून घ्यावा.) आपली प्रकृती उत्तम असणारच. ज्यांचे सल्ले दुसऱ्यांनी अमलात आणायचे असतात त्यांच्या प्रकृतीला सहसा काही होत नाही. वहिनींची शुगर आता कशी आहे? घरात सध्या जे कोणी असतील त्या सर्वांना यथायोग्य सांगावं.

इकडे सगळं ठीक. कोपऱ्यावर सकाळी पोहे मिळतात, नळाला एक दिवसाआड पाणी येतं, आणि मुख्य म्हणजे नानाखेडा सपाट आहे. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व बासष्टाव्या वर्षापर्यंत मला कळलेलं नव्हतं. ते आपल्यामुळे कळलं, म्हणून हे पत्र.

आपल्याला आठवत असेल, आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून सुमीतने आणि सूनबाईंनी आम्हा दोघांना युरोपची तिकिटं दिली, तेव्हा आपण खास इंदूरहून येऊन दोन तास मार्गदर्शन केलं होतंत. टूरवाल्यांबरोबर जाऊ नका, ते मेंढरांसारखं हाकतात. एकच शहर धरा, आठवडाभर तिथल्या माणसांसारखे राहा. लिस्बन घ्या, समुद्रकाठचं निवांत, सपाट गाव आहे. (आपण स्वतः नऊ दिवसांत अकरा शहरं बसच्या खिडकीतून पाहिलीत आणि त्यांत लिस्बन नव्हतंच, हे वहिनींनी आम्हाला सांगितलं, पण आम्ही परत आल्यावर.) बापू, ते गाव सात टेकड्यांवर वसलेलं आहे. आता आपण म्हणाल, मास्तर, छत्तीस वर्षं सरकारी शाळेत भूगोल तुम्ही शिकवलात, मग तुम्हाला माहीत नको? नको. आमच्या पुस्तकात पोर्तुगालला अर्धं पान होतं आणि त्यात ‘मुख्य उत्पादन : बूच’ एवढंच दिलेलं होतं. टेकड्यांवर कधी प्रश्न आलेला मला आठवत नाही.

खोली जुन्या मोहल्ल्यात, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पण घरात शिरण्याआधीच गल्लीच्या एकशे चार पायऱ्या होत्या, त्यामुळे चार मजले म्हणजे जेवणानंतरच्या बडीशेपेसारखे वाटायचे. रस्ते छोट्या पांढऱ्या दगडांचे, आणि ते दगड चारशे वर्षं लोकांनी घासून असे गुळगुळीत केलेत, की उतारावर माणूस चालत नाही, रवाना होतो. मी पहिल्याच दिवशी एका फळवाल्याच्या दुकानात रवाना झालो. त्याने फार प्रेमाने मला संत्र्यांतून बाहेर काढलं. आपल्या बहिणीच्या, म्हणजे मीनाच्या, फोनमधली बाई मात्र कुठलंही ठिकाण ‘बारा मिनिटं’ एवढंच सांगायची. तिला लांबी-रुंदी कळते, उंचीशी तिचा काही संबंध नाही.

खाण्याचं काय सांगू? तिथे शाकाहारी म्हणजे ज्या सुपात सॉसेजचा एकच तुकडा असतो ते. मी दोन दिवस पाव, चीज आणि घरून नेलेल्या लसणाच्या शेवेवर काढले. मीनाने मात्र अंड्याचे ते पिवळे टार्ट पहिल्याच संध्याकाळी खाल्ले. चार. (आपल्या घरी अंडं चालत नाही हे तिला माहेरीच शिकवलं असेल असं मी धरून चाललो होतो.) किल्ल्यावर गेलो तेव्हा माझ्यातले पोतनीस जागे झाले. आमचे पूर्वज शिंद्यांच्या पदरी होते, मग गप्प कसं बसणार? बाकावर शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी इंग्रजीत सांगितलं की भाईसाब, वसई आम्ही तुमच्याकडून घेतली होती. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ‘थँक यू’ म्हटलं. त्यानंतर मी इतिहासाचा विषय काढला नाही.

चौथ्या दिवसापर्यंत माझे गुडघे आणि स्वभाव दोन्ही सुजले होते. त्या दिवशी मीनाने टाइल रंगवायच्या वर्गात नाव घातलेलं होतं. उज्जैनला असतानाच घातलं होतं. तिने मला तीनदा सांगितलं होतं म्हणे. मला वाटलं होतं ती गंमत करतेय. तर सकाळी दहा वाजता आम्ही एका भयंकर चढावाच्या पायथ्याशी उभे, वर्ग वरच्या टोकाला, आणि मी म्हणालो, “टाइलच बघायची तर एवढ्या लांब कशाला? नानाखेड्याला आपल्या घरासमोर शोरूम आहे. बाथरूमच्या, किचनच्या, सगळ्या.” रस्त्याने जाणारी दोन माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली, म्हणजे मी जरा मोठ्याने बोललो असणार.

मीना रागावली की मराठी सोडते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असेल. “रहने दो,” ती म्हणाली. “तुम्ही खोलीवर जा. मैं आ जाऊंगी.” आणि चढाव चढून गेली. मागे न बघता, बापू, आणि एकदाही न थांबता. तिचे गुडघे माझ्याहून चांगले आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. चार दिवस ती माझ्यासाठी थांबत होती.

मी खोलीकडे निघालो. अर्ध्या तासाच्या वाटेला मला दोन तास लागले, कारण भूगोलाच्या माणसाने रस्ता विचारू नये अशी माझी जुनी समजूत आहे. दारापाशी पोहोचल्यावर लक्षात आलं की किल्ली मीनाच्या पर्समध्ये. सिमकार्डवाला फोन मीनाकडे. दोघांचे पासपोर्ट मीनाकडे. माझ्याकडे रुमाल आणि शेवेची पुडी. बसलो पायऱ्यांवर.

तळमजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात, दोना एमीलिया. (दोना म्हणजे तिकडचं ‘बाई’.) आपल्याकडच्या वालपापडीपेक्षा तिप्पट मोठ्या शेंगा घेऊन त्या दारात सोलत बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अर्ध्या शेंगा माझ्या मांडीवर ओतल्या. मीना एकला यायची होती. एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. शेंगा संपल्या, तर बाईंनी आतून लसूण आणला. त्या पोर्तुगीजमध्ये बोलत होत्या, मी मराठीत. समोरच्याला काही कळत नाही म्हटल्यावर माणूस बरंच बोलतो. मी त्यांना सांगितलं की ती फार हळू रस्ता क्रॉस करते. तिला पाण्याची भीती वाटते आणि इथे खाली एवढी मोठी नदी आहे. पस्तीस वर्षांत ती कधी एकटी बाहेर जेवलेली नाही, आणि याला कारण मी आहे, मला बाहेरचं आवडत नाही. बाईंनी मधेच माझा लसूण काढून घेतला आणि मला पाणी आणून दिलं. तेव्हा मला कळलं की मी सालं भांड्यात आणि पाकळ्या कचऱ्यात टाकतोय.

साडेसहाला मीना आली. केसांना निळा रंग लागलेला, गाल लाल झालेले, आणि चालत इतकी सावकाश होती, जणू सगळी गल्ली तिच्या बापाची आहे. (आपल्या वडिलांचा अवमान करण्याचा हेतू नाही.) वर्ग सुटल्यावर ती नदीकाठी गेली होती. एकटीने कॉफी प्यायली आणि नुसती बसून राहिली. हे ती हसत हसत सांगतच येत होती, तोवर मी उठलो आणि ओरडलो, “पासपोर्ट तुझ्या पर्समध्ये आहेत याची काही शुद्ध आहे का तुला?”

ती दोन पायऱ्या खाली थांबली. हसू गेलं. पर्स उघडून दोन्ही पासपोर्ट माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “घ्या. सुखरूप आहेत.” दोना एमीलियांना भाषा येत नव्हती, पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पासपोर्ट खिशात घालायचंही विसरलो. टाइलवर काय रंगवलं, हे मी विचारलंच नाही.

उरलेले तीन दिवस मीना माझ्याशी फार सभ्यपणे वागली. ‘चहा घ्याल का?’ ‘तुमचं आटोपलं का?’ बँकेतल्या काउंटरवरच्या बाईसारखी. आम्ही ट्राममध्ये बसलो, राजवाडा पाहिला, फोटो काढले. सगळ्या फोटोंत आमच्या दोघांच्या मधे तिसरा माणूस उभा राहील एवढी जागा आहे. मग इंदूरच्या विमानतळावर उतरलो. पुढचं आपल्याला माहीत आहेच.

असो. आपण सुचवल्याप्रमाणे तिथल्या माणसांसारखे राहिलो, याचं समाधान आहे. आपल्या अनुभवाचा लाभ यापुढे इतर नातेवाइकांनाही व्हावा, पण क्रमाने.

आपला,
दत्तात्रय पोतनीस

ता. क. : आपल्यासाठी बुचाची टोपी आणली आहे. मुख्य उत्पादन तेच.

ता. क. दुसरा : वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल, एवढंच वाचा. विमानतळावरून टॅक्सी आपल्या दारात थांबवून मीना उतरली, ‘चार दिवस राहते’ म्हणाली, त्याला आज एकोणीस दिवस झाले. रोज संध्याकाळी मी फोन करतो, आपण तो स्पीकरवर टाकता, आणि मागून वहिनींचा मिक्सर चालू असतो. अशात माणूस हवापाण्याखेरीज काय बोलणार? तरी तिला सांगा की मला पासपोर्टची काळजी नव्हती. साडेपाच तास एकदासुद्धा मला पासपोर्ट आठवला नव्हता. ती समोर दिसली आणि तोंडात जे आलं ते बाहेर पडलं, आणि आलं तेही नेमकं तेच, कारण दुसरं बोलायची मला सवय नाही.

ता. क. तिसरा : पत्र टाकायला टावर चौकापर्यंत गेलो. पेटीपाशी उभा राहिल्यावर विचार केला की हे पोहोचायला चार दिवस लागणार आणि इंदूर दीड तासावर आहे. तेव्हा बस पकडली. वरच्या ओळी बसमध्ये लिहिल्या, म्हणून अक्षर असं; या आपल्या गेटपाशी लिहितोय. पाकीट गेटवरून आत देतो आहे. आपण आधी वाचू नका, मीनाला द्या. मी बाहेर उभा आहे. तिचं वाचून होईपर्यंत थांबायची माझी पूर्ण तयारी आहे, पण ऊन मी म्हणतंय, तेवढं तिला सांगा.