समन्वयकाचं लॉगिन

३ जुलै
विद्यापीठाचं परिपत्रक आलं. महिनाअखेरपर्यंत सगळ्यांनी ईमेल खात्याला डबल लॉगिन लावायचं. आधी पासवर्ड, मग स्वतःच्या मोबाईलवरचा कोड. दोन्ही असल्याशिवाय खातं उघडणार नाही. मीटिंगमध्ये विभागप्रमुख गीता मॅडमनी विचारलं, आपल्या राज्यशास्त्र विभागाचा सायबर समन्वयक कोण होणार. सगळे खाली बघत होते. मी वर बघत होतो. निवड एकमताने झाली.
संकल्प: आधी स्वतःचं खातं, आजच. मग विभाग.

४ जुलै
काल राहिलं. कोडसाठीचं ॲप उतरत नाही, फोनमध्ये जागा नाही म्हणतो. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ पुसायला हवेत. पण त्यांच्यातच मेव्हण्याच्या साखरपुड्याचेही मिसळलेत. एकेक बघून पुसावे लागतील. हे घाईचं काम नाही.

७ जुलै
नवा फोनच घ्यावा म्हणून औरंगपुऱ्यात गेलो. दुकानदाराने फोन हातात घेऊन पाहिला. म्हणाला, सर, फोन अच्छा है, बस भरा हुआ है, थोडा खाली करो. सज्जन माणूस. कव्हर आणि स्क्रीन गार्ड घेऊन परत आलो. घरी बायकोने, सोनियाने विचारलं, ॲपचं काय झालं. म्हटलं, सुरक्षा बाहेरून आत जाते. ती शाळेत गणित शिकवते. तिने कव्हरचं बिल मागितलं.

९ जुलै
विभागात माझं व्याख्यान. छान झालं. कोणत्याही लिंकवर घाईने क्लिक करू नका, कोड सख्ख्या भावालाही सांगू नका, वगैरे. मुलांनी तिथंच बसून डबल लॉगिन लावून घेतलं. पहिल्या रांगेतल्या प्रांजलीने तर माझं वाक्य संपायच्या आत लावलं.
शेवटी गीता मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, सर, तुमचं झालंच असेल. म्हटलं, पहिल्याच टप्प्यात. असा टप्पा नव्हता. पण आज संध्याकाळी करणारच आहे. म्हणजे हे खोटं नाही, थोडं आधी बोललेलं खरं आहे.

१० जुलै
काल संध्याकाळी पाहुणे आले.

१४ जुलै
प्रांजली आली होती. माझी पीएचडीची विद्यार्थिनी. वैजापूरकडची, घरची मेंढरं. वडील केरबा वर्षातले आठ महिने कळपामागे रानोमाळ. घरात कॉलेज बघितलेली ही पहिलीच. तिला पुण्याच्या एका संस्थेची फेलोशिप मिळण्याच्या बेतात आहे. फक्त माझं शिफारसपत्र हवं, २५ तारखेपर्यंत. त्याची लिंक माझ्या विद्यापीठाच्या ईमेलवरच येणार, दुसरा ईमेल त्यांना चालत नाही. ती म्हणाली, सर, आठवण करू का मधे. म्हटलं, प्रांजली, झालं समज.
पत्राचं पहिलं वाक्य लगेच सुचलं. ‘मी कु. प्रांजली हिला गेली चार वर्षं ओळखतो.’ दमदार आहे. बाकीचं लिंक आल्यावर.

१८ जुलै
काम फत्ते.
सकाळी विद्यापीठाकडून ईमेल. आपल्या खात्यास डबल लॉगिन नसल्याने ते आज सायंकाळी बंद ‘करण्यात येनार’ आहे, तरी खालील लिंकवर त्वरित नोंदणी करावी. ‘येनार’ वाचून खात्री पटली. आपल्या कार्यालयाचा न-ण मी ओळखतो. क्लिक केलं, पासवर्ड टाकला. मोबाईलवर एक कोड आला, तोही त्या पानावर भरला. धन्यवाद, आपले खाते आता सुरक्षित आहे, असं आलं. ॲपसुद्धा लागलं नाही. एवढ्याशा गोष्टीचा लोक किती बाऊ करतात.
९ तारखेला बोललो ते आज पूर्ण खरं झालं. जेवण चवीने गेलं.

१९ जुलै
खातं उघडत नाही. पासवर्ड घेतं, मग म्हणतं, तुमच्या नोंदणीकृत फोनवरच्या ॲपमधला कोड टाका. माझ्या फोनवर तर ॲपच नाही. सुरक्षा इतकी कडक की मालकालाही आत सोडत नाही. थोडी वाट बघू, नवीन आहे, सुरळीत होईल.

२० जुलै
विभागात गेलो तर सगळे माझ्याच ईमेलबद्दल बोलत होते. काल दुपारी मी म्हणे सगळ्यांना लिहिलं, ‘नमस्कार, मी सायबर समन्वयक डॉ. सुदर्शन, डबल लॉगिनची फेरनोंदणी खालील लिंकवर करावी.’ मी असं काही लिहिलेलं नाही. पण नाव माझं, पद माझं, खाली सहीसुद्धा माझीच. बऱ्याच जणांनी क्लिक केलं. गीता मॅडमचं खातं गेलं. विद्यार्थ्यांची कितीतरी गेली. प्रांजलीचंही गेलं. मेंढपाळ बायकांच्या मुलाखतींची सगळी रेकॉर्डिंग तिनं तिथंच ठेवली होती. दोन वर्षांचं काम.
तिला म्हटलं, मी व्याख्यानात सांगितलं होतं ना, लिंकवर क्लिक करायचं नाही. ती म्हणाली, सर, तुमचा ईमेल होता म्हणून केलं.
याच्यावर मला जागेवर काही सुचलं नाही. उद्या सुचेल.

२१ जुलै
अजून सुचलेलं नाही.
आयटी विभागाचा शिवराज आला होता. शांत मुलगा, आवाज चढत नाही. त्याने एकच प्रश्न विचारला. सर, तुमच्या खात्याला डबल लॉगिन केव्हापासून आहे. गीता मॅडम शेजारी उभ्या. प्रांजली दारात. म्हटलं, ९ तारखेपासून. तो विचारात पडला. म्हणाला, डबल लॉगिन असूनही खातं फुटलं म्हणजे भोक आपल्या सर्व्हरलाच असणार. सगळ्यांची लॉगिनं बंद करून शोधावं लागेल.
तेव्हा बोलायला हवं होतं. पण तो इतक्या तत्परतेने निघून गेला.

२३ जुलै
अख्ख्या विद्यापीठाचं ईमेल बंद. निकालांचं काम अडलं. शिवराज सर्व्हरपाशी बसून आहे, घरी गेलेला नाही म्हणतात. चहाला गेलो तर टेबलावरचे दोघं गप्प झाले. लोकांना माझ्याबद्दल सहानुभूती वाटत असावी.
संकल्प: उद्या शिवराजला एकट्याला गाठून १८ तारखेचं सांगायचं.

२४ जुलै
गेलो होतो. तो फोनवर होता. मी हात केला, त्याने हात केला. परत आलो.
प्रांजली भेटली. उद्या शेवटची तारीख, मी काय करू असं विचारलं नाही. फक्त म्हणाली, सर, पत्र तयार आहे ना, खातं उघडलं की लगेच टाकता येईल. म्हटलं, तयार आहे. घरी येऊन उघडलं. अजून तेच एक वाक्य.
आज सगळं पत्र लिहून काढलं. लिहिताना कळलं की ती काय काय करते ते मला बरंच माहीत नव्हतं. तिचे जुने अहवाल काढून वाचावे लागले. चांगले आहेत.

२५ जुलै
तारीख गेली.

२६ जुलै
शिवराजने बोलावून घेतलं. दार लोटून घेतलं. लॅपटॉप माझ्याकडे वळवला. म्हणाला, सर, तुमच्या खात्याला डबल लॉगिन पहिल्यांदा १८ तारखेला लागलंय. त्याच्या आधी नव्हतंच. आणि लागलंय ते दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवर. तुम्ही दिलेल्या कोडवर त्याने स्वतःचा फोन जोडला.
मी विचारलं, आधी कळलं असतं तर. म्हणाला, त्याच दिवशी तो फोन काढून टाकला असता, बाकी काही बंद करावं लागलं नसतं. चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. अहवाल मॅडमना द्यावा लागेल म्हणाला. म्हटलं, जरूर द्या. मग विचारलं, त्यात नुसतं ‘तांत्रिक कारण’ लिहिता येईल का.
हे मी खरंच विचारलं. त्याने लॅपटॉप मिटला.

२७ जुलै
खातं परत मिळालं. प्रांजलीचंही, रेकॉर्डिंग शाबूत. डबल लॉगिन लावायला आयटी विभागात मुलांच्या रांगेत उभा राहिलो. व्हिडिओ सगळे पुसले, न बघता. गीता मॅडमनी अहवाल वाचला. दुसरा समन्वयक नेमला. माझ्याशी पाऊस आणि वेळापत्रकाबद्दल बोलल्या.
संस्थेने प्रांजलीला मुदत वाढवून दिली आहे. कशी दिली कळलं नाही. पत्र आजच पाठवलं.

२८ जुलै
पुण्याच्या संस्थेतून एका बाईंचा फोन. पत्र मिळालं, फार मनापासून लिहिलंय म्हणाल्या. मग विचारलं, आता तब्येत कशी आहे, सर. मला कळेना. तोंडातून निघालं, आता बरी आहे.
प्रांजलीला बोलावून विचारलं. ती खाली बघत म्हणाली, मुदत मागताना कारण लिहावं लागतं, सर. तुम्ही आजारी आहात असं लिहिलं. म्हटलं, खरं का नाही लिहिलंस. म्हणाली, तुमचं नाव होतं ना त्यात.

२ ऑगस्ट
दुपारी बेल वाजली. दारात पागोटं घातलेले एक गृहस्थ, हातात कडीचा डबा. प्रांजलीचे वडील, केरबा. वैजापूरहून एसटीने आलेले. खुर्चीवर बसायला तयार होईनात, सोनियाने बसवलं.
म्हणाले, सर, लेक म्हणली तुमची तब्येत लई बिघडली व्हती. काय झालं व्हतं.
मी सोनियाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, ताप.
म्हणाले, अंगावर काढू नका. शेळीचं दूध आणलंय, कोमट करून घ्या, ताकद येती. आन् तापात उठून तुम्ही आमच्या पोरीचा कागद लिव्हला म्हणं. पोरगी मुलाखतीला चालली पुण्याला. तिची आई सारजाबाई म्हणली, नुसतं फोनवर इचारू नका, जाऊन बघून या मानसाला.
मी डबा घेतला. ते हात जोडून उठले, मीही उठलो. जिन्यात म्हणाले, तुम्ही वर जा, वारं लागंल.
सोनियाने दूध कोमट केलं, ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली. मी संपवेपर्यंत उठली नाही.