स्वस्त, चांगला आणि खरा गाइड

३ मे

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. बसा म्हणाले नाहीत. ‘मॅडम, जूनअखेर पीएच.डी.ला नोंदणी झाली नाही, तर पुढच्या वर्षी तुमचा विचार करता येणार नाही.’ म्हणजे इतकी वर्षं इतिहास शिकवला तो कंत्राटावर, आणि आता कंत्राटही जाणार! त्यांची स्वतःची पीएच.डी. कशावर आहे हे कॉलेजात कोणालाच माहीत नाही. बहुधा त्यांनाही नसावं.

ठीक आहे. करायचीच तर नीट करीन. फी परवडली पाहिजे आणि शिकायलाही मिळालं पाहिजे. दोन्ही एका वाक्यात म्हटलं की लोक दया आल्यासारखे बघतात.

४ मे

नवरा दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतो. एक वरची कवळी उजेडात धरून, माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘कर की. स्वस्त आणि चांगलं माझ्या धंद्यात तरी मिळत नाही, तुझ्यात मिळतंय का बघ.’ आला मोठा!

मग ताईचा फोन. ताईला सगळं ठाऊक असतं. ‘अगं, ते काचेच्या इमारतीचं खासगी विद्यापीठ आहे ना, माझ्या जावेच्या भावानं तिथूनच केली. तीन वर्षांत हातात!’ जावेचा भाऊ फरश्या विकतो. दुकानाच्या पाटीवर ‘डॉ.’ मात्र ठसठशीत.

८ मे

काचेच्या विद्यापीठात जाऊन आले. टाय लावलेला एक पोरगेला इसम दर वाक्याला मला ‘मॅम’ म्हणत होता. ‘मॅम, आपला हिस्ट्रीचा प्रोग्रॅम एकदम इंडस्ट्री-रेडी आहे.’ कुठली इंडस्ट्री रे बाबा? मेलेल्यांची?

ग्रंथालय दाखवा म्हटलं. दाखवलं. सोफे उत्तम! पुस्तकं? ‘मॅम, सगळं डिजिटल.’ संगणक बंद होते. फीचा आकडा ऐकून घशाला कोरड पडली, तर त्यांनी विद्यापीठाचं नाव छापलेली पाण्याची बाटली पुढे केली. विषय कोणता, हे कोणीही विचारलं नाही. हप्ते किती पाडायचे, हे मात्र पुन्हा पुन्हा.

या विद्यापीठावर फुली.

१२ मे

स्टाफरूममध्ये ‘परिसंवाद’ भेटले. (आमचे राज्यशास्त्रवाले. जिथे जेवण असतं त्या प्रत्येक परिसंवादात असतात, म्हणून.) ‘मॅडम, माझ्या सरांकडे या! सर म्हणजे देवमाणूस. टीव्हीवर असतात. मी शब्द टाकतो.’ यांच्या प्रबंधातली अर्धी पानं यांनी स्वतःही वाचलेली नाहीत, हे मी पैजेवर सांगते.

पण विद्यापीठ सरकारी आहे, फी झेपण्यासारखी. बघू या.

१५ मे

दिवसभर त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात. गाइड कसा आहे हे कळायला त्याची पुस्तकं वाचून उपयोग नाही, माहितीपत्रक तर नाहीच. त्याच्या हाताखालचे प्रबंध काढायचे आणि फक्त ऋणनिर्देश वाचायचा. माणूस प्रबंधात वाटेल तेवढं खोटं लिहितो, पण आभार मानताना नकळत खरं सांगून जातो. ही माझी स्वतःची पद्धत आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

तर देवमाणूस सर! एक विद्यार्थी लिहितो, ‘सरांच्या घरबदलाच्या वेळी त्यांच्या सहवासाचा लाभ झाला.’ म्हणजे कपाटं उचलली. दुसरी लिहिते, ‘सरांच्या चिरंजीवांची शिकवणी घेताना माझ्या संशोधनाला दिशा मिळाली.’ आपल्या परिसंवादांनी तर सरांच्या कुत्र्याचेही आभार मानलेत, नावासकट! प्रकरणं वाचली, सुधारली, खोडली असा शब्द एकातही नाही.

१६ मे

नवऱ्याला ऋणनिर्देश वाचून दाखवले. मेण गरम करता करता इतका हसला की बोट भाजून घेतलं.

२० मे

तरीही देवमाणसाला भेटले. जून काही माझ्यासाठी थांबणार नाही.

‘विषय?’ मी विचारलं.

‘विषय मी देतो ना. तुम्ही कशाला त्रास घेता?’ मग फोनवर बोलत बोलत, ‘गाडी चालवता येते का तुम्हाला?’

बसल्या जागी जागा दिली. पंधरा जूनपर्यंत हो किंवा नाही कळवा म्हणाले. बाहेर आल्यावर वाटलं, हात धुवावेत. पण जागा आहे. नोकरी टिकेल. ताई म्हणते, ‘घे ना गपचूप! तुला काय त्यांच्याशी सोयरीक करायचीय?’

२७ मे

सापडलं! गावाबाहेरचं जुनं विद्यापीठ. फी इतकी कमी की छपाईची चूक वाटावी. भिंतींना ओल आलेली, पंखा फिरताना ओरडतो, पण जुनी वर्तमानपत्रं वर्षवार बांधून ठेवलेली. मन लावून ठेवलेली!

आणि तिथले एक म्हातारे सर. त्यांच्या हाताखालचे सगळे प्रबंध काढले. पहिला ऋणनिर्देश: ‘सरांनी दुसरं प्रकरण पाच वेळा परत केलं. दर वेळी त्यांचं बरोबर होतं.’ दुसरा: ‘सर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत. मी रडले. मग लिहिलं.’ तिसरा: ‘आभार मानायला सरांनी मनाई केली आहे.’ मी उभ्या उभ्याच वाचत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू!

प्रबंध सगळे जुने आहेत, अलीकडचा एकही नाही. उघड आहे. हल्लीच्या पोरांना कपाटं उचलणं सोपं जातं. असल्या माणसाकडे टिकणार कोण?

२८ मे

तिथला क्लार्क. टेबलावर कोपर, तळव्यावर गाल. ‘सर अजून विद्यार्थी घेतात का?’

‘यादीत नाव आहे ना? मग घेतात.’

‘भेटतील कुठे?’

‘घरीच असतात हल्ली.’

बरोबरच आहे. या कचेरीत बसून काय करतील ते? या क्लार्कशी बोलतील?

९ जून

सरांकडे जाऊन आले. सगळं लिहून ठेवते.

सूनबाईंनी दार उघडलं. सर खिडकीशी बसले होते, स्वेटर उलटा घातलेला. असली माणसं आरशात बघत नाहीत! नमस्कार-चमत्कार काही नाही. थेट प्रश्न: ‘तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?’

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. शंभर वर्षांपूर्वीच्या नगरपालिकांचा प्रशासकीय विकास, वगैरे. सर शांतपणे ऐकत होते. चहा आला. माझाच कप उचलून प्यायले, स्वतःचा तसाच निवत राहिला. विचारात बुडणं याला म्हणतात! कप ठेवला आणि पुन्हा तेच, जसं काही मी तोंडच उघडलं नव्हतं: ‘तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?’

कानशिलं तापली. पण मी ऋणनिर्देश वाचून आले होते. मला माहीत होतं, हा माणूस पोकळ उत्तर हातात घेतच नाही. मग नगरपालिका सोडली आणि रस्त्यावरच्या दिव्यांवर आले. पहिले दिवे कुठे लागले, कोणाच्या दारासमोर, कोणाची गल्ली अंधारात ठेवली. बरं बोलले असं मला वाटलं. सर खिडकीबाहेर बघत होते. मग वळले. ‘तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?’

त्या वेळी माझ्या तोंडून काय निघालं ते मलाच ठाऊक नव्हतं. म्हटलं, सर, माझी आई दिवेलागणीनंतर एकटी कधी कोपऱ्यावरही गेली नाही. कोपऱ्यावर दिवा होता तरी. तो दिवा लागला तेव्हा गावातल्या किती बायका बाहेर पडल्या, आणि ज्या नाही पडल्या त्यांना आत कोणी ठेवलं, ते मला शोधायचंय. अंधारानं तर नव्हतं ठेवलेलं.

सर म्हणाले, ‘छान. या.’ मी पुढे केलेल्या गाइडच्या संमतीपत्रावर सही केली. सही काय वळणदार!

निघताना सूनबाई दारात काहीतरी सांगू बघत होत्या. ‘ताई, एक मिनिट, बाबांचं जरा...’ मला बस गाठायची होती. शिवाय सुनांना सासऱ्याची गाऱ्हाणी सांगायला कोणीही चालतं. नंबर दिला आणि निघाले.

१० जून

देवमाणसाला नकार कळवला. ‘मला गाडी चालवता येते, पण आपली नाही.’ एवढंच. प्रत परिसंवादांना!

परिसंवाद धावत आले. ‘मॅडम, काय केलंत हे! त्या विद्यापीठात तुम्हाला दुसरं कोणी दारात उभं करणार नाही आता!’ म्हटलं, कुत्र्याला माझा नमस्कार सांगा.

१२ जून

खरंच आनंद झालाय. विषय डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना, पेपर तपासताना, सारखी ती गल्ली दिसते. नवरा म्हणाला, ‘इतकी हसतेस, दात चांगले आहेत तुझे, माझं गिऱ्हाईक नाहीस.’

१७ जून

सरांच्या सूनबाईंचा फोन आला. त्या दिवशी दारात हेच सांगायचं होतं त्यांना. सरांना गेली काही वर्षं काही लक्षात राहत नाही. समोर कोण आहे, आपण काय विचारलं, उत्तर मिळालं की नाही, काहीच नाही. कागद पुढे केला की सही करतात. विद्यापीठाला घरच्यांनी लेखी कळवलंय, यादीतलं नाव अजून तसंच आहे.

‘तुम्ही तिन्ही वेळा न चिडता उत्तर दिलंत,’ त्या म्हणाल्या. ‘आम्हाला नाही हो जमत.’

तिसरं उत्तर खरं होतं. ते सांगितलं एकाच माणसाला, आणि तो विसरला.