दुसरी सही संतोषची

मी, खंडेराव बहिरू गायधनी, वय एकाहत्तर, राहणार गंगापूर रोड, नाशिक, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही.

१. राहता फ्लॅट पुतण्या रविराज यास. मला मूलबाळ नाही. पत्नीच्या शेवटच्या आजारपणात त्याने धावपळ केली, ती मी विसरलेलो नाही.

२. लॉच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासचा गाळा, बाके आणि पुस्तके दीपमाला हिला. ती आमची विद्यार्थिनी, आता माझ्यासोबत शिकवते. रविराजला तिथे मोबाइलचे दुकान काढायचे आहे. त्याने ते दुसरीकडे काढावे.

३. संतोष यास काहीही नाही.

याचे कारण लिहिणे भाग आहे. संतोष निफाडचा, माझा पहिला विद्यार्थी, पुढे क्लासमधला जोडीदार. दर रविवारी सराव परीक्षा झाली की आम्ही दोघे मुलांसमोर उत्तरांवरून भांडायचो, आणि मुले त्यातूनच शिकायची. एकदा प्रश्न होता: शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत न विचारता शिरून एकाने विहिरीवरची जळणारी मोटार बंद केली, तर ते अतिक्रमण का? दिलेल्या नियमाप्रमाणे होय. संतोष म्हणाला, "सर, आमच्याकडं न शिरणाऱ्याला नावं ठेवतात."

"मग शेतीच करायची होतीस," मी भर वर्गात म्हणालो.

तो खडू ठेवून निघून गेला. देवळाली कॅम्पात त्याने स्वतःचा क्लास काढला. आता माझे उत्तर कोणी खोडत नाही, आणि शिकवण्यात राम उरलेला नाही. त्याची फार आठवण येते.

गाळ्यात अर्धा वाटा त्याचाच हवा होता. पण ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, हे आम्ही दोघांनी मुलांना शिकवले. आणि साक्षीदाराला माझ्यासमोर बसून सही करावी लागते. म्हणून त्याला काही दिले नाही.

दीपमाला म्हणते, "सर, वरच्या मजल्यावरच्या काकांची सही घेऊ ना. कशाला अडवून ठेवता?" सही राहिली तर मृत्युपत्र टिकणार नाही आणि गाळाही वारस म्हणून रविराजकडे जाईल, हे तिला ठाऊक आहे. मी ऐकत नाही म्हटल्यावर तिनेच संतोषला फोन लावला. तो म्हणाला, "कागद पाठवून दे, सही करतो."

"असं चालत नाही, सर. तुम्हीच शिकवलंय," दीपमाला त्याला म्हणाली.

त्याने फोन ठेवला.

साक्षीदार:
१. सोमनाथ पिंगळे, खालचे मेडिकलवाले. हाक मारली की वर येतील.
२. संतोष

लिहून ठेवणार: खंडेराव गायधनी. संतोष समोर बसला की सही करीन.

ठिकाण: नाशिक
तारीख: तो येईल ती.